समुद्रावरून दिसणारं गाव

माझा बाप संशयी होता. मुलगी म्हणून मी सौम्य शब्द वापरते आहे. आमच्या कोळीवाड्यात त्याच्यासाठी याहून तिखट शब्द होते. कुणी दारात आलं की आधी "कोन तो?" म्हणून विचारायचा, आणि नाव सांगितलं तरी डोळे बारीक करून माणूस अगदी जवळ येईपर्यंत रोखून बघत राहायचा. सख्खा मेहुणा आला तरी तेच आणि देवीचा प्रसाद घेऊन गुरव आला तरी तेच. सगळ्यांचेच बाप असं करतात, अशी लहानपणी माझी समजूत होती.

आमचं गाव थळच्या दक्षिणेला, एका लहान खाडीच्या तोंडाशी. तीस-पस्तीस घरं कोळ्यांची, त्यांच्या वरच्या अंगाला दहा-बारा मुसलमानांची, मध्ये गोड्या पाण्याची एक विहीर आणि तिच्याजवळ लोकल बोर्डाची एका खोलीची शाळा. बापाचं नाव अनंता. त्याची स्वतःची होडी होती. होडीवर दुसरं माणूस एकच, माझ्या आईचा भाऊ भागोजी मामा. दोघं मिळून समुद्रात गळ लावायचे.

आता गळ कुठं लावायचा, हीच खरी विद्या. पाण्याखाली एखादा खडप असतो, म्हणजे बुडालेला खडक. मोठी मासळी त्याच्याभोवती फिरते. पण समुद्रात पाटी लावून ठेवता येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायच्या. आमच्या खडपाची खूण अशी होती: टेकडीवरच्या पिराचा पांढरा घुमट मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसला, आणि त्याच वेळी दक्षिणेकडचा एकटा ताड काळ्या कातळामागून निम्मा बाहेर आला, की होडी खडपावर आली. हातभर इकडेतिकडे झालं तर गळाला नुसतं शेवाळ लागतं. प्रत्येक घराची अशी एखादी जागा होती, आणि ती बापानं मुलाला सांगायची, दुसऱ्या कुणाला नाही, असा रिवाज होता.

बापाला मुलगा नव्हता. मी सात वर्षांची असताना एकदा जत्रेला म्हणून आम्हाला होडीतून नेताना वाटेत त्यानं होडी थांबवली आणि मला एकटीला पुढं बोलावून खूण दाखवली. "पोटात ठेव. उद्या तुला भाऊ झाला आनि मी नसलो, तर तेला सांग." मी मुलगी, मासेमारीला जाणार नाही, म्हणजे जागा चोरायची मला सोय नाही, असा त्याचा हिशेब असावा. मामावर तेवढाही भरवसा नव्हता. खुणा जुळायची वेळ आली की बाप त्याला होडीतलं पाणी उपसायला लावायचा, म्हणजे त्याची मान खाली राहावी. होडीत थेंब नसला तरी मामा उपसायचा.

सन तेहेतीसच्या दिवाळीपासून आमच्या जागेवर मासळी लागेना. दुसऱ्यांच्या होड्या भरून येत होत्या, आमच्या टोपलीत चार ढोमी. बापानं एका दिवसात निकाल लावला. "कोनीतरी आपली जागा उचललीय." मग कोणी उचलली, याचा शोध सुरू झाला. आधी शेजारचा नामा, कारण तो हल्ली फार हसून बोलायचा. मग सुकी मासळी घेणारे नजमुद्दीनशेठ, कारण त्यांनी मुंबईहून बातमी आणली होती की आता आगबोटी येणार आणि समुद्राचा तळ खरवडून मासळी नेणार. मग भागोजी मामा, कारण तो गप्प असायचा. आई म्हणायची, "काखेत कळसा आनि गावाला वळसा." तिच्या मनात काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत दिनानाथ मास्तरांनी चित्राचं खूळ काढलं.

मास्तर तळा गावचे. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच की एकदा दिघीहून तरीच्या होडीत बसून पलीकडं जाताना त्यांनी सकाळची भाकरी खाडीला दिली होती. पण शिकवायची हौस दांडगी. पुस्तकातला धडा घोकून घ्यायचा आणि छडी मारायची, एवढ्यानं त्यांचं पोट भरत नसे. घरच्या माणसांनी शाळेत आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वस्तुपाठाला, म्हणजे खरी वस्तू दाखवून शिकवायच्या तासाला, ते आयाबापांना बोलावत. एकदा माझ्या आईला बोलावलं, केसर कोळणीला, आणि ताजी मासळी कल्ल्यांवरून कशी ओळखायची ते तिनं आम्हा तेवीस मुलांना शिकवलं. वर्गाला तीन दिवस वास येत होता. नजमुद्दीनशेठनी एकदा मालाच्या पडावावरचं होकायंत्र आणून दाखवलं. त्यांची जहुरा माझ्याशेजारी बसायची. तिनं ते यंत्र असं धरलं होतं की जणू उत्तर दिशा तिच्याच घरची असावी.

पण बायका येत, शेठ येत. कोळी बाप कुणी येत नसत. बाप शाळेत यायचा तो पोराला काढून न्यायला. म्हणून मास्तरांनी युक्ती केली. "घरी बापाला विचारून या, समुद्रावरून परत येताना आपलं गाव कसं दिसतं. डोंगर कुठं, देऊळ कुठं, झाडं कुठं. तसं चित्र काढा. ही चित्रं भिंतीला लावू आणि शनिवारी सगळ्या बापांना बघायला बोलावू."

बिचाऱ्या मास्तरांना काय ठाऊक, की समुद्रावरून गाव कसं दिसतं, हीच तर कोळ्याची तिजोरी.

त्या दिवशी संध्याकाळी होड्या ओढल्यावर सगळे बाप वाळूत गोळा झाले. मी आईसोबत जाळं झटकत होते, म्हणून सगळं ऐकलं. नामा म्हणाला, "ह्यो मास्तर आगबोटवाल्यांचा मानूस हाय." दुसरा म्हणाला, "सरकारचा आसंल. मिठासारखी आता जागंवर पन पट्टी बसवत्याल." माझा बाप म्हणाला, "मी दिवाळीपासनं बोंबलतोय." शाळेतून पोरं काढून घ्यावीत असंही निघालं. मग नामानं विचार केला आणि म्हणाला, "काढली तर मास्तर म्हनंल, ह्यांच्याकडं लपवन्यासारखं हाय. आपन कशाला लपवायचं? पोरांना काढू दे, जे हाय ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला लपवायचं काही नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना दोनदा सांगितलं आणि घरी गेले.

घरी गेल्यावर प्रत्येकानं आपल्या पोराला खोटं गाव सांगितलं. प्रत्येकाला वाटलं, एवढं डोकं आपल्यालाच आहे.

बापानं मला समोर बसवलं. "दोन माडांच्या मधी देऊळ काढ. मागं सपाट डोंगर. घुमट काढायचा न्हाय, ताड काढायचा न्हाय. खरी खूण त्या कागदावर दिसली, तर शाळा बंद. त्याच दिवशी. देवाची आन."

हे नुसतं धमकावणं नव्हतं. चौथीची परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर होती. आमच्या कोळीवाड्यातून चौथीला बसणारी मी पहिली मुलगी, आणि मला पुढं शिकून मास्तरीण व्हायचं होतं. बाप आन मोडणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चित्रं सुरू झाली. नजमुद्दीनशेठनी दुकानातला बांधायचा तपकिरी कागद दिला होता. कोळशानं रेघा, हळदीनं वाळू, शेवग्याच्या पाल्याच्या रसानं झाडं. मास्तर रांगांतून फिरत होते आणि चकित होत होते. आमच्या गावात देऊळ एक. चित्रांत मिळून सात निघाली. एकाच्या चित्रात डोंगरच नव्हता. एकानं खाडी उलट्या बाजूला नेऊन ठेवली होती. मास्तर म्हणाले, "समुद्रावरून एवढं बदलतं का रे सगळं?" तेवीस पोरांनी एका सुरात होकार दिला.

मी बापानं सांगितलेलं देऊळ काढत होते. तेवढ्यात नामाच्या सदानं माझ्या कागदात डोकावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही पोरीची जात. होडीवर कवा गेलीच न्हाय, तर काय काढनार? माझं बघून काढतेय."

मला राग फार लवकर येतो. आजही येतो, चाळीस वर्षं मुलं शिकवूनही गेला नाही. मी तो कागद चुरगळला, मास्तरांकडून दुसरा मागून घेतला आणि काढलं. घुमट डोंगराच्या खाचेत. दक्षिणेला काळा कातळ. त्याच्यामागून निम्मा निघालेला ताड. चार वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेलं, पण हात थांबला नाही. सदाच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, "आता बोल." त्याला कळलं काहीच नाही, पण चित्र त्याच्यापेक्षा चांगलं आहे एवढं कळलं.

मास्तर मागून आले, खूश झाले, माझ्या हातातून कागद घेतला आणि तांदळाच्या खळीनं भिंतीवर चिकटवला. अगदी मधोमध. मी "थांबा" म्हणेपर्यंत तळहातानं दाबूनही झालं होतं.

शनिवारला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी अगदी बापावर गेले. भिंतीकडं कुणी दोनदा बघितलं की मी त्याला काहीतरी विचारून तोंड फिरवायला लावायचे. जहुरा म्हणाली, "तुझा ताड भारी निघालाय," तर मी तिच्यावर खेकसले, "तुला काय करायचंय माझ्या ताडाशी?" ती दोन दिवस बोलली नाही. सुट्टीत मी नखानं कागदाचा कोपरा सोडवून पाहिला; खळ दगडासारखी वाळली होती. मास्तरांना म्हटलं, चित्र चुकलंय, दुसरं काढते. ते म्हणाले, "रतन, हेच सगळ्यांत बरोबर वाटतं." बरोबर आहे, हीच अडचण होती, आणि ते त्यांना सांगायची सोय नव्हती. शाळा सुटली की ते कुलूप लावून चावी जानव्याला बांधत. मला तर शुक्रवारी असाही संशय आला की हे सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि ते खरंच आगबोटवाल्यांचे आहेत.

बाप घरी रोज विचारायचा, "सदाच्या चित्रात काय हाय? घुमट हाय का?" मी म्हणायचे, नाही. "ताड?" नाही. "शनिवारी माझ्या बाजूला हुबी ऱ्हा आनि हळूच सांगत जा, कोनी काय काढलंय." मी म्हटलं, तूच बघ की. तो म्हणाला, "मला कुठं वाचता येतं?" चित्र वाचावं लागत नाही, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. माझं मन दुसरीकडं होतं.

शनिवारी सगळे आले. धुतलेल्या बंड्या, लाल टोप्या, अंगाला खोबरेल. आत शिरले आणि प्रत्येकजण सरळ आपल्या पोराच्या चित्रापाशी जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे दुसऱ्याला ते दिसू नये. भिंत अशी बापांनी झाकून गेली. मास्तर मध्ये उभे राहून म्हणाले, "अहो, फिरा, एकमेकांच्या मुलांची चित्रं बघा." कुणी हलेना. शेवटी नजमुद्दीनशेठ हसत म्हणाले, "मास्तर, ही मंडळी चित्र बघायला नाय आली, राखायला आलीत." तेव्हा सगळे ओशाळले आणि एकदम फिरायला लागले.

मग गंमत झाली. दुसऱ्याचं चित्र बघून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू. हे खोटं आहे, हे दर्यावर्दी माणसाला बघताक्षणी कळत होतं. आपलंही तसंच कळत असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नव्हतं.

नामा माझ्या चित्रापाशी आला आणि त्याचं हसू गेलं. त्यानं डोकं तिरकं केलं. घुमटाकडं बघितलं, खाचेकडं बघितलं, मग बोट हवेत धरून ताडापर्यंत नेलं. त्याच्यामागं दोघं-तिघं थांबले. तेही मान तिरकी करून बघायला लागले.

बाप दाराशी उशिरानं आला होता, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मास्तर म्हणाले, "अनंताभाऊ, या. तुमच्या रतनचं चित्र मधोमध आहे." बापाचा हात खांद्यावर तसाच. आम्ही पुढं गेलो. माणसं बाजूला झाली. मला वाटलं, आता तो हात मानेवर येईल. शाळा, परीक्षा, सगळं संपलं. मी डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. मी डोळे उघडले. बाप चित्रापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं डोळे बारीक केले, मान वर केली, खाली केली, जशी बाकीचे करत होते तशी. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ब्येस काढलंस. दोन माडांच्या मधी देऊळ. अगदी हाय तसं."

त्या चित्रात देऊळ नव्हतं. माडही नव्हते.

नामा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि त्यानं मांडीवर थाप मारली. "अनंता, तू लई बेरकी रं. आमाला चकवतोस व्हय?" त्याच्या मनातलं मला आरशासारखं दिसलं. हे चित्र खरं असतं तर अनंतानं ते टराटरा फाडलं असतं. तो तर उभा राहून नसलेल्या देवळाची थट्टा करतोय. म्हणजे हेही खोटंच. बाकीचेही हसले. बापही हसला, पण कशाला हसतात हे न कळलेल्या माणसासारखा, जरा मागाहून.

मास्तरांना बेरकीपणाची सवय नव्हती. ते म्हणाले, "पण ह्यात देऊळ कुठं—"

"हाय," मी म्हटलं. "मी पुसट काढलंय."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मग बापाच्या डोळ्यांकडं बघितलं, नीट, जसं आमच्या पाट्या तपासताना बघत. आणि मग घाईघाईनं सदाच्या चित्राची स्तुती करायला लागले. त्या क्षणी मला त्यांचा संशय घेतल्याची लाज वाटली.

बापाला दिसत नव्हतं. एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली: कोन तो, बारीक डोळे, "मला कुठं वाचता येतं". आणि दिवाळीपासूनची रिकामी टोपली. जागा कुणी उचलली नव्हती. घुमट खाचेत बसला की नाही हेच त्याला दिसत नव्हतं, आणि तो रोज अंदाजानं कुठंतरी गळ टाकून चोराला शिव्या देत बसत होता.

मी तशीच किनाऱ्यावर गेले. भागोजी मामा होडीला डांबर लावत होता. मी त्याला म्हटलं, "मामा, आमच्या बाला दिसत न्हाय."

तो डांबर लावत राहिला. "गनपतीपासनं तर मुळीच न्हाय," तो म्हणाला.

"तुला म्हाईत हुतं?"

"दोन मानसांची होडी. म्हाईत कसं नसंल?"

मी म्हटलं, "मी तुला खूण सांगते. तू होडी बराबर लाव."

"घुमट खाचंत, ताड निम्मा," मामा म्हणाला. "बारा वर्सं झाली मला म्हाईत हाय. पानी उपसताना मान खाली असते, पोरी, डोळं न्हाय."

मला त्याचा इतका राग आला की मी मूठभर वाळू त्याच्या अंगावर फेकली. मग चार महिने आम्ही पेज का पितोय? आईनं कानातल्या बुगड्या का मोडल्या? त्यानं अंगावरची वाळू झटकली.

"जागा हितं हाय, असं मी म्हनलो असतो, तर मला खूण म्हाईत हाय हे तेला कळलं असतं. त्याच दिशी मला चोर म्हनून उतरवला असता. मंग तो एकटा गेला असता दर्यात, तसल्या डोळ्यांनी." त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "येताना सुकाणू मी धरतो. तू थकलास, म्हनतो. जागा न्हाय सापडली तरी चालंल, रतन. घर सापडाया पायजे."

मी रडले. मामानं रडू दिलं. मग म्हणाला, "मी सांगू शकत न्हाय. तुझी आये सांगायची न्हाय, ती तेचा मान जपते. तुझं तू बघ."

बघायचं काय, सांगायचं. पण सांगायचं म्हणजे आधी चित्राचं सांगायचं, आणि चित्राचं सांगितलं की शाळा बंद. मी रात्रभर विचार करून एवढ्यावर आले की मी मास्तरीण झाले नाही तर जग बुडणार नाही, बाप मात्र बुडू शकतो.

रविवारी दुपारी बाप पडवीत गळांना आमिष लावत बसला होता. बोटांनी चाचपून लावायचा. सवय म्हणून, असं मला वाटायचं. आई दारात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"बा, ते चित्र मी खरं काढलं हुतं."

त्याची बोटं थांबली. "कंचं खरं?"

"घुमट खाचंत. ताड निम्मा. देऊळ काढलंच न्हाय."

तो उठून मारेल म्हणून मी अंग चोरून बसले. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हातातला गळ तसाच धरून बसला, आणि त्याचा चेहरा मला न बघवेल असा झाला. मग त्यानं विचारलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच. "कोनाकोनाला कळलं?"

"खुनेचं?"

"डोळ्यांचं."

"नामाला न्हाय. तेला वाटलं, तू चकवतोयस. मास्तरांना कळलं. ते बोलनार न्हाईत."

"भागोजीला?"

"गनपतीपासनं."

"तो कसा काय बोलला न्हाय?"

मी मामा जे बोलला ते सगळं सांगितलं. बारा वर्षांचंही सांगितलं, सुकाणूचंही. बाप ऐकत होता. मग त्यानं दाराकडं तोंड वळवलं. "केसर."

"दोन वरसं झाली," आई तांदळातून हात न काढता म्हणाली. "कोन आलं की मी दारातनंच नाव घेऊन हाळी घालते, ती काय घसा साफ करायला? तुमाला इचारायला लागू नये म्हनून. तुमी तरी इचारताच."

बापानं गळ खाली ठेवला. "मी समद्यांना चोर म्हनलो," तो म्हणाला, आणि रडला. माझा बाप रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. आई उठली नाही. तिचे हात तांदळात थांबले होते. मी त्याचा मासळीच्या वासाचा हात दोन्ही हातांत धरून बसले. त्यानं तो काढून घेतला नाही. शाळेचं नाव त्यानं काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. दर वेळी आन पाळणारा माणूस, पण ही एक आन तो बहुतेक मुद्दामच विसरला.

ऊन कलल्यावर मामा आला. आईनं दारातून मोठ्यानं सांगितलं, "भागोजी आला."

"बस," बाप म्हणाला. "तुला एक सांगायचंय. कोनाला बोलायचं न्हाय."

मामा पायरीवर बसला. बापानं घसा खाकरला, आणि वडिलांनी त्याला सांगितली असेल तशीच, एकेक शब्द तोलून, सावकाश, खूण सांगायला लागला. पिराचा घुमट. मागच्या डोंगराची खाच. काळा कातळ, एकटा ताड. मामाच्या तोंडून आता "म्हाईत हाय" निघालं तर? पण मामा हनुवटीखाली हात घेऊन, लहान मूल गोष्ट ऐकतं तसा ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "थांब, अनंता. खाच कंची? डावीकडची का उजवीकडची?"

"उजवीकडची," बाप म्हणाला. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी ताठ झाला होता. "नीट ध्येनात ठेव."

मामानं ताडाचंही पुन्हा एकदा विचारून घेतलं.